विश्लेषण : माल आपला, जहाज परक्याचं! वालचंद हिराचंद आयुष्यभर कशाशी लढले?

रावळगावच्या साखर-गोळीपासून लंडनच्या गोदीपर्यंत... ५ एप्रिलला साजऱ्या होणाऱ्या राष्ट्रीय सागरी दिनामागची गोष्ट, आणि त्याच काळात जमैकाच्या केळी उत्पादकांवर आलेली तशीच वेळ

नांदगाव : इथल्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव पुकारला जातो, तेव्हा निर्यातीसाठी माल घेणाऱ्या व्यापाऱ्याच्या डोक्यात दोन हिशेब चालू असतात. एक समोरच्या ट्रॉलीतल्या मालाचा आणि दुसरा कंटेनरच्या भाड्याचा. दुबई, कोलंबो किंवा क्वालालंपूरला कांदा काय भावाने विकला जाईल, हे तिकडचा बाजार ठरवतो. त्यातून जहाजाचं भाडं, बंदराचा खर्च, पॅकिंग, नफा वजा केला की जे उरतं, तो शेतकऱ्याचा भाव. भाडं वाढलं तर परदेशातला गिऱ्हाईक जास्त पैसे देतोच असं नाही. बहुतेक वेळा कात्री लागते ती ट्रॉलीजवळ उभ्या असलेल्या माणसाला.

२०२३ च्या अखेरीस लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले. अनेक कंपन्यांनी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून न्यायला सुरुवात केली, आणि भाडेदर भडकले. त्यात भारतीय निर्यातदाराच्या हाती काहीच नव्हतं. कारण भारताच्या परदेशी व्यापारातला ५ टक्क्यांच्या आसपासच माल भारतीय जहाजांतून जातो. बाकी सगळा परक्या जहाजांतून.

हा हिशेब १०० वर्षांपूर्वी ज्यांनी ओळखला आणि बदलायचा प्रयत्न केला, त्यांचा एक पत्ता नांदगावच्या शेजारच्या मालेगाव तालुक्यातला आहे : रावळगाव. गोळीच्या कागदावरचं हे नाव देशाने वाचलं. त्या गावात कारखाना उभारणारे वालचंद हिराचंद मात्र आता शाळा-कॉलेजांच्या पाट्यांवरच जास्त भेटतात.

वालचंद कोण होते?

२३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात दोशी या गुजराती भाषक जैन कुटुंबात वालचंद यांचा जन्म झाला. सावकारी आणि कापसाचा व्यापार हा घरचा धंदा. जन्मानंतर थोड्याच दिवसांत आई गेली. शिक्षणासाठी मुंबई-पुण्यात राहिले, पण पदवी पूर्ण न करताच घरच्या पेढीवर परतले. पेढीत त्यांचं मन रमलं नाही. व्याज मोजत बसण्यापेक्षा काहीतरी उभं करण्याची हौस जास्त होती.

संधी मिळाली ती रेल्वेमुळे. लक्ष्मण बळवंत फाटक हे रेल्वेत कारकुनी केलेले गृहस्थ. कामाची माहिती फाटकांकडे, भांडवल वालचंदांकडे. दोघांच्या भागीदारीने पहिलं काम घेतलं ते बार्शी लाइट रेल्वेच्या येडशी ते तडवळे या ७ मैलांच्या लोहमार्गाचं. तिथून ठेकेदारीची गाडी सुसाट निघाली. बोरघाटातले बोगदे, मुंबईला पाणी आणणारी तानसाची जलवाहिनी, पुढे टाटांच्या बांधकाम कंपनीशी हातमिळवणी. १९२६ मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी स्थापन झाली. हे सगळं एका परिच्छेदात संपवणं अन्याय आहे, पण त्यांची खरी कसोटी लागली ती जमिनीवर नव्हे, समुद्रावर.

जहाजाकडे कसे वळले?

१९१९ साल. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. वालचंद दिल्लीहून मुंबईला रेल्वेने येत असताना एका इंग्रज सहप्रवाशाकडून त्यांना कळलं, की ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांचं एक जहाज विकायचं आहे, असं सांगितलं जातं. जहाजाचं नाव ‘लॉयल्टी’. मूळचं ते कॅनेडियन पॅसिफिक कंपनीचं प्रवासी जहाज ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’. महाराजांनी युद्धात ते इस्पितळ-जहाज म्हणून वापरायला घेतलं होतं. आता युद्ध संपलं होतं आणि जहाज म्हातारं झालं होतं.

ठेकेदारीत मुरलेल्या माणसाने असं जुनं जहाज का घ्यावं? उत्तर सोपं आहे. युद्धानंतर जगभर जहाजांचा तुटवडा होता आणि भाडी आभाळाला भिडली होती. नवं जहाज बांधून घ्यायला वेळ नव्हता. वालचंद यांनी नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास यांना सोबत घेतलं. मार्च १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची नोंदणी झाली. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाली. वालचंद स्वतः जहाजावर होते. राष्ट्रीय सागरी दिन साजरा होतो तो याच तारखेला.

या सफरीची दुसरी बाजू मात्र सोहळ्यांच्या भाषणांत येत नाही. धंदा म्हणून ‘लॉयल्टी’ फसली. जहाज जुनं, खर्च मोठा, आणि परतीच्या माल-प्रवाशांची खात्री नाही. १९२३ मध्ये ती भंगारात निघाली. त्यात युद्धानंतरच्या तेजीत चढ्या भावाने घेतलेल्या इतर जहाजांच्या किमती मंदी येताच कोसळल्या. पहिल्या काही वर्षांतच कंपनी तोट्यात गेली.

भाडेयुद्ध म्हणजे नेमकं काय?

सिंदियासमोर उभे होते लॉर्ड इंचकेप. पी अँड ओ आणि ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन या दोन्ही कंपन्यांची सूत्रं त्यांच्या हाती. भारताचा किनारा असो की परदेशी व्यापार, त्यांच्या जहाजांशिवाय पान हलत नव्हतं. याआधी जमशेटजी टाटांनी १८९० च्या दशकात जपानी कंपनीच्या साथीने चीन-जपान मार्गावर जहाजं चालवून पाहिली होती, ती पी अँड ओच्या दरकपातीपुढे बंद पडली. तुतिकोरीनचे चिदंबरम पिळ्ळै यांनी १९०६ मध्ये स्वदेशी कंपनी काढली, तेव्हा ब्रिटिश कंपनीने तिकिटाचे दर पाडत पाडत थेट फुकट प्रवास देऊ केला.

दर पाडणं हे झालं उघड हत्यार. छुपं हत्यार जास्त परिणामकारक होतं. बड्या जहाज कंपन्या एकत्र येऊन ‘कॉन्फरन्स’ करत, म्हणजे भाडेदर संगनमताने ठरवत. व्यापाऱ्याने भरलेल्या भाड्यातली काही टक्के रक्कम त्याला परत मिळायची, पण लगेच नाही. काही महिन्यांनी, आणि तेही त्या काळात त्याने एकही पेटी दुसऱ्याच्या जहाजातून पाठवली नसेल तरच. आजच्या भाषेत हा अटीचा कॅशबॅक. फरक इतकाच, की ॲप बदललं तर आधीच्या सगळ्या खरेदीचा कॅशबॅकही बुडायचा. त्यामुळे सिंदियाने स्वस्त दर दिला तरी व्यापारी बिचकायचा. देशप्रेम होतं, पण अडकलेली रक्कमही होती.

ब्रह्मदेशातून मुंबईकडे येणारा तांदूळ हा किनारी व्यापारातला मोठा माल. तिथे सिंदियाने जहाजं लावताच ब्रिटिश इंडियाने दर धडाधड खाली आणले. ज्यांच्याकडे शेकडो जहाजं आहेत त्यांना एका मार्गावरचा तोटा दुसऱ्या मार्गावर भरून काढता येतो. मूठभर जहाजं असलेल्याला नाही.

करार की शरणागती?

इंचकेप यांनी कंपनी विकत घेण्याचाही प्रस्ताव ठेवला. वालचंद विकायला तयार नव्हते. अखेर १९२० च्या दशकाच्या पूर्वार्धात दोन्ही कंपन्यांत १० वर्षांचा करार झाला. सिंदियाला जगू दिलं जाणार होतं, पण भारत, ब्रह्मदेश, सिलोनच्या किनाऱ्यापुरतंच. फक्त मालवाहतूक, प्रवासी नाहीत. परदेशी मार्ग नाहीत. जहाजांच्या एकूण क्षमतेवरही मर्यादा.

लंडनला जहाज नेऊन सुरू झालेली कंपनी किनाऱ्याला बांधली गेली, हे वालचंद यांच्या आयुष्यातलं सर्वात कडू वास्तव होतं. पण या करारानेच कंपनी वाचली, हेही खरं. टाटा आणि चिदंबरम पिळ्ळै यांच्या कंपन्यांना तेवढीही उसंत मिळाली नव्हती. वालचंद यांनी मधल्या काळात लढाई कायदेमंडळात नेली. किनारी वाहतूक भारतीय जहाजांसाठी राखून ठेवावी, यासाठी साराभाई हाजी यांनी १९२८ मध्ये विधेयक मांडलं. ते मंजूर झालं नाही, पण मागणी देशभर पोहोचली. १९२९ मध्ये नरोत्तम मोरारजी यांचं निधन झालं आणि कंपनीची धुरा वालचंद यांच्याकडे आली. १९५० पर्यंत ती त्यांच्याकडेच राहिली.

जमैकात त्याच वेळी काय चाललं होतं?

ही फक्त भारताची गोष्ट नव्हती, हे समजायला कॅरिबियन समुद्रातल्या जमैका बेटाकडे पाहावं लागतं. नांदगावची हद्द ओलांडली की चाळीसगाव, म्हणजे केळीसाठी प्रसिद्ध असलेला जळगाव जिल्हा लागतो. त्यामुळे केळीचं गणित या भागाला वेगळं सांगायला नको. घड कापला की घड्याळ सुरू होतं. त्यातून बेटाची अर्थव्यवस्था म्हणजे आणखी अडचण. रस्त्याने दुसरा बाजार गाठता येत नाही, जहाज हाच एकमेव दरवाजा. तो दरवाजा अमेरिकेच्या युनायटेड फ्रूट कंपनीच्या हातात होता. माल घेणारी तीच, वाहून नेणारी तीच.

१९२० च्या दशकाच्या अखेरीस जमैकाच्या केळी उत्पादकांनी स्वतःची सहकारी संघटना काढली आणि स्वतःची जहाजंही चालवली. लगेच काय झालं असेल, हे इंचकेप यांची गोष्ट वाचल्यावर ओळखता येईल. युनायटेड फ्रूटने संघटनेबाहेरच्या शेतकऱ्याला जादा भाव द्यायला सुरुवात केली. सभासद फुटू लागले. १९३० च्या दशकाच्या मध्यावर संघटनेला सहकारी रूप सोडून साधी कंपनी व्हावं लागलं आणि बड्या कंपन्यांशी मालाची वाटणी ठरवून घ्यावी लागली. १९३७ मध्ये बेटावरून अडीच कोटींहून अधिक घड निर्यात झाले. त्याच वर्षी संघटनेचे वकील नॉर्मन मॅन्ली यांच्या वाटाघाटींतून दर घडामागे एक सेंट ग्रामीण कल्याणासाठी द्यायचं ठरलं. पुढे हेच मॅन्ली जमैकाच्या स्वातंत्र्य चळवळीचे मोठे नेते झाले.

मुंबईत १० वर्षांचा करार, जमैकात मालाची वाटणी. दोन्हीकडे छोट्याला जगायची परवानगी मिळाली, वाढायची नाही.

रावळगावच का?

कॅरिबियन बेटांचा आणखी जुना धंदा साखरेचा. तिथली साखर मुख्यतः कच्च्या स्वरूपात जहाजात भरली जायची आणि ब्रिटनच्या कारखान्यांत शुद्ध व्हायची. ब्रिटनने शुद्ध साखरेवर जास्त कर ठेवल्यामुळे बेटावरच शुद्ध करणं परवडतच नसे. ऊस बेटाचा, नफा मात्र पलीकडच्या किनाऱ्यावर. १९३८ मध्ये जमैकातल्या फ्रोम इथे नवा मोठा कारखाना उभा राहत असताना मजुरीवरून संप झाला, त्यात ४ जणांचा जीव गेला.

भारताची परिस्थिती वेगळी आणि तरीही ओळखीची होती. ऊस पिकत होता, गूळ होत होता, पण पांढरी साखर बाहेरून यायची. १९३० च्या आसपास देश वर्षाला १० लाख टनांच्या जवळपास साखर आयात करत असे, त्यातली बरीचशी डचांच्या ताब्यातल्या जावा बेटावरची.

वालचंद यांनी १९२३ मध्ये रावळगावला सुमारे १,५०० एकर जमीन घेतली, तेव्हा ती बहुतेक खडकाळ, पडीक होती. रेल्वे आणि बोगदे खोदणाऱ्या माणसाने शेतीही बांधकामासारखीच केली : आधी सपाटीकरण, मग पाणी, मग यंत्रं. सुरुवातीला नुसती शेतीच होती. साखर काढणं परवडण्यासारखं नव्हतं. १९३२ मध्ये सरकारने संरक्षक कायदा करून आयात साखरेवर जबर शुल्क बसवलं आणि चित्र पालटलं. देशात तोवर तीसेक साखर कारखाने होते, काही वर्षांतच ते शंभराच्या वर गेले. रावळगावचा कारखाना १९३३ चा. इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगरही याच लाटेत उभं राहिलं.

इथे एक गोष्ट नोंदवायला हवी. समुद्रावर वालचंद यांना सरकारी संरक्षण मिळालं नाही, साखरेत मिळालं. समुद्रावर ते किनाऱ्यापुरते अडकले, साखरेत झपाट्याने वाढले. माणूस तोच, हिंमतही तीच.

१९४२ मध्ये रावळगावला गोळ्या बनू लागल्या. कच्ची साखर बोटीत भरून पाठवणाऱ्या बेटाला जे जमू दिलं गेलं नाही, ते मालेगाव तालुक्यातल्या एका गावात झालं. उसाचा रस, साखर आणि कागदात गुंडाळलेली गोळी, तिन्ही एकाच आवारात.

विमान, गोदी आणि मोटार

१९३९ मध्ये अमेरिकेतून परतीच्या विमानप्रवासात वालचंद यांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकन उद्योजकाशी पडली. पॉली यांचं बालपण क्युबात गेलं होतं आणि धंद्यातही क्युबातल्या विमान कंपनीचं प्रमुखपद त्यांनी भूषवलं होतं. पुढे ते चीनमध्ये विमानं जुळवायचा कारखाना चालवत होते. त्या ओळखीतून आणि म्हैसूर संस्थानाच्या भागीदारीतून डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट सुरू झाली. जपान युद्धात उतरल्यावर, १९४२ मध्ये, सरकारने वालचंद यांचे भाग विकत घेऊन कारखाना ताब्यात घेतला. आजची ‘एचएएल’ ती हीच.

२१ जून १९४१ रोजी विशाखापट्टणमला गोदीची पायाभरणी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाली. पुढच्याच वर्षी जपानी विमानांनी शहरावर बॉम्ब टाकले आणि यंत्रसामग्री मुंबईला हलवावी लागली. १४ मार्च १९४८ रोजी तिथे बांधलेलं ‘जलउषा’ हे जहाज पंतप्रधान नेहरूंच्या उपस्थितीत पाण्यात उतरलं. ‘लॉयल्टी’ निघाली त्याला तोवर २९ वर्षं झाली होती. १९४४ मध्ये सुरू झालेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स आणि कुर्ल्याचा मोटार कारखाना वेगळ्या लेखाचा विषय आहे. मुंबईकरांना ‘पद्मिनी’ टॅक्सी आठवली तरी पुरे.

टीका काय होती?

वालचंद यांना संत करण्याची गरज नाही. ते एकाच वेळी फार ठिकाणी हात घालत आणि पैसा नेहमी कमी पडे. त्याहून गंभीर आक्षेप जहाज व्यवसायातलाच होता. १९३० च्या दशकात किनाऱ्यावर लहान भारतीय कंपन्या उतरल्या, तेव्हा सिंदिया आपल्याला दाबते, अशी त्यांची तक्रार होती. म्हणजे सिंदियाने इंचकेप यांच्यावर जो आरोप केला, तोच सिंदियावर झाला. दशकाच्या अखेरीस कोकण किनाऱ्यावर बोटी चालवणारी बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशनही सिंदियाच्या ताब्यात आली. मालक बदलला, पण मोठ्या कंपनीचा स्वभाव बदलला असं त्या लहान कंपन्यांना वाटलं नाही.

शेवटची वर्षं

१९४७ मध्ये जहाज धोरण ठरवणाऱ्या समितीने किनारी वाहतूक पूर्ण आणि दूरच्या देशांशी होणाऱ्या व्यापाराचा निम्मा वाटा भारतीय जहाजांकडे असावा, असं उद्दिष्ट ठेवलं. किनारी वाहतुकीचं आरक्षण पुढच्या काही वर्षांत प्रत्यक्षात आलं. ही मागणी वालचंद यांनी २५ वर्षं लावून धरली होती. ती पूर्ण होताना मात्र ते थकले होते. १९४९ मध्ये पक्षाघाताचा झटका आला, पुढच्या वर्षी ते कामातून बाहेर पडले. पत्नी कस्तुरबाई अखेरपर्यंत सोबत होत्या. ८ एप्रिल १९५३ रोजी त्यांचं निधन झालं. विशाखापट्टणमची गोदी त्याआधीच, १९५२ मध्ये, सरकारच्या भागीदारीत गेली होती.

वेस्ट इंडीज बेटांनी एकत्र येऊन संघराज्य केलं, तेव्हा १९६१ मध्ये कॅनडाने त्यांना ‘फेडरल पाम’ आणि ‘फेडरल मेपल’ ही दोन जहाजं भेट दिली. बेटांना एकमेकांशी जोडणारी स्वतःची जहाजं असावीत, हा हेतू. पुढच्याच वर्षी संघराज्य मोडलं. जहाजं काही वर्षं बेटाबेटांत फिरत राहिली.

आज काय आहे?

सिंदिया कंपनीची जहाजं केव्हाच समुद्रावरून गेली. मुंबईच्या बॅलार्ड इस्टेटमधल्या सिंदिया हाऊसमध्ये प्राप्तिकर खात्याची कार्यालयं आहेत. १९६१ च्या कमाल जमीन धारणा कायद्याने खासगी साखर कारखान्यांच्या जमिनी गेल्या आणि त्या शेती महामंडळाकडे आल्या. रावळगावची त्यात होती. तिथेच आता अजंग-रावळगाव औद्योगिक वसाहत उभी राहते आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये रिलायन्स समूहाच्या कंपनीने ‘पान पसंद’, ‘मँगो मूड’सह रावळगावच्या गोळ्यांची नावं आणि पाककृती २७ कोटी रुपयांना विकत घेतल्या.

जहाजांचं काय? २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात २५ हजार कोटी रुपयांचा सागरी विकास निधी जाहीर झाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जहाजबांधणीसाठी ६९,७२५ कोटींच्या योजनेला मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. त्यातून जहाजं बांधली जातील, गोद्या वाढतील आणि भारतीय जहाजांचा वाटा वाढेल, अशी सरकारची अपेक्षा आहे. नांदगाव-मनमाड पट्ट्यातून निर्यातीला जाणारा कांदा तोवर न्हावा-शेव्यालाच जाणार आहे, आणि तिथे धक्क्याला लागलेली बहुतेक कंटेनर जहाजं परदेशी कंपन्यांची असतात.